‘स्पॅनिशमध्ये आहे ना?’ एवढंच विचारणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांना

मंडळी, नमस्कार.

नावं लिहीत नाही, तुमचं तुम्हाला कळेल. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात आकडे सांभाळणारे, विद्यापीठात साथरोगशास्त्र शिकवणारे, काउंटरमागे गोळ्या मोजून देणारे फार्मासिस्ट, आणि वर्षातून एकदा बंद खोलीत बसून ग्रँटच्या अर्जांना शंभरपैकी गुण देणारे. कॅलिफोर्नियात या कामात मराठी माणसं किती आहेत ते गणपतीत कळतं. आरती आटोपली की एका कोपऱ्यात आपला घोळका जमतो आणि प्रसाद हातात असतानाच विषय बजेटवर येतो. आपण एकमेकांशी मराठीत बोलतो, म्हणून पत्रही मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही त्याला ‘कॉमेंट’ म्हणून फायलीला लावून टाकलं असतं.

निमित्त मागच्या छाननीचं. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, गे पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा अर्ज होता. आपल्यातल्याच एकानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पत्रकं स्पॅनिशमध्ये आहेत ना? आपल्या सेंटरवरही स्पॅनिश बोलणारी मुलगी आहे. मग यांना वेगळे पैसे कशाला?" कुणी काही बोललं नाही. मीही नाही. अर्ज चार गुणांनी गेला.

मी गप्प बसलो, कारण हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला होता आणि तेव्हा तो मला फार व्यवहारी वाटला होता.

तेव्हा मी खात्यात नवा होतो. टेस्टिंगच्या इंग्रजी पत्रकाचं स्पॅनिश करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सर्टिफिकेटवाला भाषांतरकार गाठला, शब्दामागे पैसे मोजले, पाच हजार प्रती छापून घेतल्या. एचआयव्हीला स्पॅनिशमध्ये ‘व्हीआयएच’ म्हणतात आणि एड्सला ‘सीदा’, हे मला त्याच आठवड्यात कळलेलं आणि त्याचाच मला कोण आनंद! गठ्ठे घेऊन टेस्टिंगच्या व्हॅनवर गेलो. तिथे एक साल्वादोरी बाई होत्या, प्रोमोतोरा. प्रोमोतोरा म्हणजे आपल्या आशाताई समजा, वस्तीतल्याच, वस्तीसाठी काम करणाऱ्या. बाईंनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "छान आहे. नोटरीला द्या."

चूक कुठे आहे, विचारलं. चूक नव्हतीच. व्याकरण चोख होतं. आणि मला एकदम कराडचा एसटी स्टँड आठवला. खांबावर लाल रिबिनीचं पोस्टर आणि खाली शेंगदाणेवाला. ‘असुरक्षित लैंगिक संबंधांद्वारे विषाणूचे संक्रमण होते.’ शाळेत जाता-येता ते वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. शुद्ध मराठी, आणि त्यात माझ्या ओळखीच्या एकाही माणसाच्या तोंडचा शब्द नाही. शेंगदाणेवाल्याला कुणी विचारलं असतं की हे कुणासाठी लावलंय, तर तो म्हणाला असता, "सरकारचं हाय."

माझं पत्रक ‘पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनो’ अशा मायन्यानं सुरू होत होतं. हा शब्दप्रयोग आपल्या तक्त्यांसाठी बनलेला आहे आणि तिथे तो चोख काम करतो. पण रस्त्यात त्या नावानं हाक मारली तर मागे वळून कोण बघणार? बाईंनी दोन शब्द सांगितले. एक ‘दे अंबिएन्ते’. शब्दशः ‘वातावरणातला’. तो आपल्या वातावरणातला आहे, म्हणजे काय ते समजा. दुसरा ‘एन्तेंदीदो’, ज्याला समजतं तो, जाणता. दोन्ही शब्दांत एक झाकलेपण आहे. घरात आई स्वयंपाक करत असताना फोनवर मित्राशी बोलता येईल असे हे शब्द. ‘गे’ हा शब्दही चालतो, विशेषतः इथेच वाढलेल्या तरुण पोरांत. पण मेक्सिकोतल्या प्वेब्लाहून आलेला, तिकडे बायको-मुलं असलेला, इथे महिन्यातून एखाद्या रात्री पुरुषाकडे जाणारा माणूस स्वतःला गे म्हणत नाही. गे तो समोरचा, असं त्याचं ठाम मत असतं. हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. कोती (बायकी वळणाचा) आणि पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार, जो स्वतःला गे म्हणत नाही) हे शब्द आपल्याकडच्या कामात कधीपासून आहेत. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेला हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेला बिंदुमाधव खिऱ्यांचा समपथिक ट्रस्ट याच तिढ्याशी झटले. ज्या मुलखात हे ठाऊक होतं तिथून आपण आलो, आणि विमानातून उतरताना ते तिथेच सीटच्या खिशात विसरलो.

आणखी एक गोष्ट विसरलो, आणि ती तर आपल्या फार जिव्हाळ्याची. कुणी "तुम्ही इंडियन ना, मग हिंदीत चालेल" म्हटलं की आपलं पित्त कसं खवळतं! तोच आपण लॅटिनो माणसाला सहज म्हणतो, स्पॅनिशमध्ये आहे ना. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात मेक्सिकोतल्या युकातानहून आलेली मंडळी आहेत, त्यांच्या घरात माया भाषा बोलतात. ओकलंडमध्ये ग्वातेमालाहून आलेले माम भाषा बोलणारे आहेत. स्पॅनिश त्यांनाही शाळेत छडी खाऊन शिकावी लागलेली. आणि ज्यांची मातृभाषा स्पॅनिशच आहे, त्यांच्यातही ब्राँक्समधला पोर्तोरिकन जन्मानं अमेरिकी नागरिक, मायामीतला क्युबन तिसऱ्या पिढीचा दुकानदार, फ्रेस्नोजवळ द्राक्षं तोडणारा ओआहाकाचा मजूर आणि काल-परवा सीमेवरून आलेला वेनेझुएलन इंजिनियर. यांना एका गठ्ठ्यात बांधणारा ‘लॅटिनो’ हा शब्दही आपल्या तक्त्यातलाच.

आता आकडे. त्याशिवाय तुम्ही पुढे वाचणार नाही, हे मला माहीत आहे.

सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्याच, अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात एचआयव्हीचे सुमारे ३१,८०० नवे संसर्ग झाले. लॅटिनो लोकसंख्येत १९ टक्क्यांच्या आसपास आहेत, नव्या संसर्गांत जवळपास एक तृतीयांश. नुसते गे आणि बायसेक्शुअल पुरुष घेतले तर दर पाचातले दोन. २०१८ ते २०२२ या काळात गोऱ्या आणि काळ्या गे पुरुषांत नवे संसर्ग उतरले, लॅटिनोंमध्ये रेघ जवळजवळ आडवी राहिली. प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायच्या, गोळ्यांचं तर विचारू नका. ज्यांना त्या उपयोगी पडतील अशा गोऱ्या लोकांतल्या १०० पैकी ९४ जणांना २०२२ मध्ये त्या लिहून दिल्या गेल्या, लॅटिनोंत १०० पैकी २४ जणांना. औषध तेच, दुकानं तीच, आणि पत्रक स्पॅनिशमध्ये होतंच.

प्रतिबंधासाठी ही गोळी २०१२ पासून आहे. २०२१ पासून बहुतेक विम्यांत ती खिशाला चाट न लावता मिळते. मग चोवीसच का? फार्मासिस्ट मंडळींनी इथे जरा थांबावं.

व्हॅनवर येणारा एक मुलगा, वय असेल तेवीस-चोवीस. एका रेस्तराँत भांडी घासायचा. राहायला मामाच्या अपार्टमेंटमध्ये, दोन खोल्यांत सात जण. आम्ही त्याला प्रेप मिळवून दिली. तीन महिन्यांनी बंद. विचारलं तर हसून टाळायचा. एकदा बाईंशी बोलता बोलता निघालं. गोळ्यांची बाटली तो बुटात, मोज्याच्या आत ठेवायचा, कारण बाटली हलवली की वाजते. मामीनं बूट झटकले. बाटलीवरचं नाव तिनं फोनवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत वाचलं, ‘एचआयव्हीच्या उपचारासाठी वापरलं जाणारं औषध’. ते खोटं नव्हतं. तीच गोळी दोन्हीकडे वापरतात, उपचारात इतर औषधांच्या जोडीला आणि प्रतिबंधात एकटी. पण घरात त्याला सीदा झाला एवढंच ठरलं आणि त्याचं ताट-वाटी वेगळी झाली. ताट-वाटी वेगळी होणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको.

त्यावर बाईंनी काढलेला उपाय कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. त्यांनी गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरायला सांगितल्या, तळाशी कापूस घालून. आणि रविवारी चर्चनंतर मामीला गाठून दोन तास बोलत बसल्या. विषय काय होता? मामीची शुगर. तिसऱ्या रविवारी मामीनंच भाच्याचा विषय काढला. आपल्या अर्जाच्या नमुन्यात या दोन तासांसाठी रकाना नाही. ‘संपर्क : ०’.

ज्याला संस्कृतीनुसार आखलेला कार्यक्रम म्हणतात तो मला असा दिसतो, आणि तो या बाईंनी शोधलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सोळाव्या रस्त्यावर १९९३ मध्ये ‘प्रोयेक्तो कोन्त्रासीदा पोर विदा’ नावाची संस्था सुरू झाली. नावातच गंमत बघा. ‘कोन्त्रा सीदा’ म्हणजे एड्सविरुद्ध. ‘पोर विदा’ म्हणजे जीवनासाठी. पण ‘पोर विदा’ हे चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळाच्या अमेरिकनांच्या, वस्त्यांत भिंतीवर नावापुढे रंगवायचे शब्दही आहेत, ‘कायमचा’ या अर्थानं. सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या पाटीवर गल्लीतल्या भिंतीचे शब्द. रस्त्यावर खाली दुकानासारखं दार, कुणीही आत यावं. जवळच ‘एस्ता नोचे’ हा बार, १९७९ पासूनचा, लॅटिनो गे मंडळींचा शहरातला पहिला. प्रोयेक्तोत फोटोग्राफी शिकवायचे, मेकअप शिकवायचे. गे पुरुष यायचे, लेस्बियन यायच्या, ट्रान्स बायका यायच्या. माणूस कॅमेरा शिकायला यायचा आणि एखाद्या संध्याकाळी टेस्टबद्दल विचारायचा. उलटा क्रम लावला असता तर तो आलाच नसता. संस्था बारा-एक वर्षं चालली. एस्ता नोचेही २०१४ मध्ये बंद झाला. मी तिथे पोचलो तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं, बाईंच्या आठवणी तेवढ्या होत्या.

त्याच भागात, त्याच दशकात, मिशन नेबरहूड हेल्थ सेंटरमध्ये ‘एर्मानोस दे लूना ई सोल’ सुरू झालं. चंद्र-सूर्याचे भाऊ. त्यामागे संशोधक रफाएल दिआस यांचं काम होतं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपण सगळे आकडेवाले.

दिआस यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. या पुरुषांना एचआयव्ही कसा होतो ते माहीत आहे, काँडोम वापरायचा असं त्यांच्या मनातही आहे. मग प्रत्यक्षात तसं का घडत नाही? तेव्हाचं ठरलेलं उत्तर होतं ‘माहिती कमी पडते’, म्हणजे आणखी पत्रकं. दिआस यांनी उत्तर दुसरीकडे शोधलं. पुढे जॉर्ज आयाला आणि इतरांबरोबर त्यांनी न्यूयॉर्क, मायामी आणि लॉस एंजेलिस अशा तीन शहरांत ९१२ लॅटिनो गे आणि बायसेक्शुअल पुरुषांशी बोलून पाहणी केली. ती २००१ मध्ये छापून आली. लहानपणी बायल्या म्हणून खाल्लेला मार आणि शिव्या, आपल्यामुळे घरच्यांना खाली बघावं लागतं ही टोचणी, गोऱ्या गे बारमध्ये दारातच मिळणारी नजर, भाड्याची ओढाताण, हे सगळं त्यांनी विचारलं. ज्यांच्या वाट्याला हे जास्त आलं होतं त्यांच्यात उदासी, एकटेपणा आणि धोक्याचे संबंध जास्त होते. ‘लॅटिनो माणूस मुळात दैववादी’ असं जे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्यावर दिआस यांचं म्हणणं असं की ज्याच्या हातात आयुष्यात फारसं काही आलंच नाही त्याला ‘माझ्या हातात काय आहे’ वाटणं यात संस्कृती कमी, अनुभव जास्त.

म्हणून एर्मानोसच्या बैठकीत पहिल्या दिवशी काँडोम निघत नसे. गोल करून बसायचं आणि घर, गाव, इथे येणं, एकटेपणा यावर बोलायचं. ज्या माणसानं हे सगळं आजवर एकट्यानं वाहिलं, त्याला खोलीतल्या बाकी दहा जणांचंही तेच आहे हे कळेपर्यंत पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. ही पायरी गाळून काँडोम वाटणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तुम्ही म्हणाल, हे भावनेचं झालं, पुरावा काय? आहे ना. नॉर्थ कॅरोलिनात संशोधक स्कॉट ऱ्होड्स आणि त्यांच्याबरोबरच्या स्थानिक मंडळींनी आधी लॅटिनो फुटबॉल लीग गाठल्या. दर संघातल्या एकाला ‘नावेगान्ते’, म्हणजे वाट दाखवणारा, म्हणून तयार केलं. मॅच संपली की बूट सोडता सोडता बोलणं. ते काम प्रामुख्यानं स्त्रियांशी संबंध असणाऱ्या पुरुषांसाठी होतं. त्याच अनुभवावर पुढे गे, बायसेक्शुअल आणि तत्सम पुरुषांसाठी ‘ओला एन ग्रूपोस’ उभं राहिलं. लहान गट, चार बैठका, सगळं स्पॅनिशमध्ये, चालवणारेही त्यांच्यातलेच. ३०४ जण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले, दुसऱ्या भागाला मधुमेह, कर्करोग वगैरे आरोग्याची माहिती दिली. तीही स्पॅनिशमध्येच, हे लक्षात घ्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात सातत्यानं काँडोम वापरणारे आणि टेस्ट केलेले दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पैसा सीडीसीचा होता. भाषा दोन्हीकडे एकच असून फरक पडला, मग तो कशानं पडला, हा प्रश्न आपल्या बैठकीत एकदा तरी निघायला हवा होता.

आता मी ज्यांची बाजू घेतोय त्यांच्यावरही थोडं बोलतो, नाहीतर तुम्ही मला भाबडा समजाल. ‘संस्कृतीनुसार’ हा शब्द लावून येणारे निम्मे अर्ज मलाही वाचवत नाहीत. त्यांत एक ठरावीक यादी असते. कुटुंबप्रेम, पौरुषाचा ताठा, मोठ्यांचा मान, देवभोळेपणा. लाल-हिरवं पोस्टर, त्यावर मिशीवाला माणूस आणि कोपऱ्यात ग्वादालुपेची माता. उद्या मराठी गे पुरुषांसाठी कुणी कार्यक्रम काढला आणि पोस्टरवर फेटा, तुतारी आणि पुरणपोळी टाकली तर आपण काय म्हणू? ‘माचिस्मो’, म्हणजे तोच पौरुषाचा ताठा, या एका शब्दावर सगळं ढकललं की घरभाडं, व्हिसा, रात्रपाळी, वंशभेद यांच्याकडे बघावं लागत नाही, म्हणून तो शब्द सगळ्यांना सोयीचा. असे अर्ज पाडा, खुशाल पाडा. माझी तक्रार एवढीच आहे की पोस्टरवाला अर्ज आपल्याला पटकन कळतो आणि गुण घेऊन जातो, आणि मामीच्या शुगरवर दोन तास बोलणारा अर्ज आपल्याला कळतच नाही.

माझ्या हातून झालेलं एक पाप इथेच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेच्या बजेटमध्ये ‘जेवण’ अशी ओळ होती. गुरुवारच्या बैठकीला तामाले (मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले) आणि कॉफी. मी त्यावर रेघ मारली आणि समासात ‘अपात्र खर्च’ लिहिलं. नियमात ते बसतही होतं. वर्षाच्या शेवटी उपस्थितीचा तक्ता आला तेव्हा गुरुवार रिकामे होत गेलेले. सहा वाजता कामावरून सुटलेला आणि दहाला दुसऱ्या कामावर जाणारा माणूस मधल्या वेळात एकतर जेवेल किंवा बैठकीला येईल. दोन्ही एकाच ठिकाणी होत होतं, ते मी बंद केलं. आणि त्या तक्त्याखाली शेरा कुणी लिहिला? मीच. ‘लाभार्थ्यांचा अल्प प्रतिसाद.’

वेळेचंही तसंच. आपलं सेंटर नऊ ते पाच. त्या वेळात हे लोक कुणाचं तरी स्वयंपाकघर, कुणाची तरी बाग, कुणाचं तरी छप्पर सांभाळत असतात. त्यांतली काही बाग आणि छप्परं आपलीच आहेत, हे ओघात आलं म्हणून लिहिलं.

आणि भीती. आपल्यापैकी ज्यांचं ग्रीनकार्ड २०१० च्या आधीचं आहे त्यांनी आठवून बघावं. इमिग्रेशनच्या मान्यतेच्या डॉक्टरकडची, म्हणजे इथल्या ‘सिव्हिल सर्जन’कडची तपासणी, दंडातून काढलेलं रक्त, आणि हातात ठेवलेलं सीलबंद पाकीट, ‘उघडू नका’ असं लिहिलेलं. त्या रक्ताची एचआयव्ही टेस्टही होत होती. १९८७ पासून जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला या देशात यायला बंदी होती. आपण ते पाकीट फारसा विचार न करता खिडकीत सरकवलं. व्हॅनच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र ते पाकीट अजून बंदच आहे. बंदी उठली हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास असावा लागतो. आमच्या फॉर्ममध्ये पूर्वी तिसराच प्रश्न सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाचा होता. ‘ऐच्छिक’ असं बारीक अक्षरात. बाई तो फॉर्म हातात द्यायच्याच नाहीत. स्वतः शेजारी बसून, आधी "जेवलास का?" विचारून, मग उरलेलं पेनानं भरायच्या.

२०२५ मध्ये ही भीती नुसती डोक्यातली राहिली नाही. दवाखाने, चर्च, शाळा अशा जागी धरपकड टाळायची, हा जुना निर्बंध जानेवारीत काढून टाकला गेला. एक एप्रिलला सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातल्या अनेक शाखा एका दिवसात रिकाम्या झाल्या, आणि पुढच्या वर्षाच्या बजेटच्या प्रस्तावात त्या कामाचा पैसाच गायब. विविधता, समता असे शब्द असलेल्या ग्रँट थांबवायचे आदेश निघाले. सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि इतर संस्था कोर्टात गेल्या, जूनमध्ये ओकलंडच्या फेडरल न्यायाधीशांनी त्यांच्यापुरती काही आदेशांना तात्पुरती स्थगिती दिली. त्याच जूनमध्ये प्रतिबंधासाठी लेनाकापाविर हे औषध आलं. वर्षातून दोन इंजेक्शनं. मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल? तो बुटात बाटली ठेवणारा मुलगा. वाजणारी बाटलीच नाही! पण वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलरच्या वर, आणि इंजेक्शन घ्यायला सहा महिन्यांनी का होईना, दवाखान्याच्या दारातून आत जायचं. त्याला त्या दारापर्यंत आणणारं माणूस आपण चार गुणांनी घरी पाठवलं.

वॉशिंग्टनमध्ये काय होईल ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात गुणांचा तक्ता आहे आणि त्यात जागा आहे. मी आपल्या अध्यक्षांना इंग्रजीत वेगळं लिहिलं आहे, पण मतं तुमची लागणार, म्हणून काय मागितलं ते सांगतो. ‘भाषांतराची सोय’ या सदराचे दहा गुण आहेत, ते काढून ‘काम कोण करतं, कुठे आणि किती वाजता’ याला द्यावेत. जेवण आणि बसभाडं अपात्र ठरवायचं असेल तर फेडरल पैशातून ठरवा, काउंटीचा स्वतःचा थोडा निधी आहे, त्यातून ते चालतं, मी ऑडिटवाल्यांना विचारून घेतलंय. आणि अर्जदाराला वीस मिनिटं समोर बोलू द्या, हवं तर दुभाषा घेऊन. कागदावरच्या इंग्रजीचे गुण आपण आजवर इतके दिलेत की ज्यांच्याकडे अर्ज लिहिणारा पगारी माणूस आहे त्यांचेच कार्यक्रम उत्तम ठरत आलेत. गेलेला अर्ज पुन्हा उघडता येतो. नियमात तीस दिवस आहेत, त्यातले अकरा गेले.

ज्यानं चष्मा वर करून प्रश्न विचारला त्याच्यावर माझा राग नाही. उद्या दिवाळीचा फराळ त्याच्याचकडे आहे आणि त्याच्या बायकोच्या हातचे अनारसे मी सोडणार नाही. त्यानं एकदा व्हॅनवर यावं एवढीच इच्छा आहे, आणि बाकीच्यांनीही. गुरुवारी रात्री दहा ते एक, टायरच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये. बाई आता निवृत्त आहेत, तरी येतात, स्वतःची खुर्ची घेऊन. कॉफी मिळेल, तामालेही, या वर्षी ते माझ्या खिशातून आहेत.

फक्त येताना काउंटीचं ओळखपत्र गळ्यातून काढून गाडीतच ठेवा. मागच्या महिन्यात मी विसरलो होतो. रांगेत सहा जण उभे होते, मी गाडीतून उतरून जवळ येईपर्यंत दोन राहिले.

तुमचाच एक सहकारी